जॉबकार्डावरचं कारण

मला राग लवकर येतो आणि नंतर त्याचा पश्चात्तापही होत नाही. सासरी हा माझा दोष धरतात. गोठ्यात धरत नाहीत, कारण तिथे म्हैस अडलेली असते, चार पुरुष चार उपाय सांगत असतात आणि कुणीतरी ओरडून त्यांना बाजूला सारावंच लागतं. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. मोताळा तालुक्यातली पाच गावं माझ्याकडे आहेत. गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन, लसीकरण, जंताची औषधं, मध्येच एखादं बाळंतपण, असा माझा दिवस जातो.

गाडी घेण्याआधी मी एसटीने आणि मिळेल त्या दुचाकीच्या मागे बसून फिरायचे. सोबत द्रव नायट्रोजनचा डबा असायचा. रेतनाच्या कांड्या त्यातच गार राहतात. झाकण हललं की त्यातून पांढरी वाफ निघते. एका कंडक्टरने मला भर पावसात खाली उतरवलं होतं. "मॅडम, हा बाम फुटला तं जबाबदारी कोणाची?" असं त्याचं म्हणणं. माजावर आलेली गाय पुढच्या एसटीची वाट पाहत नाही, हे त्याला समजावणार कोण? मग मी माझ्या पगारावर, माझ्या नावावर एक छोटी पांढरी गाडी घेतली. डबा डिकीत पट्ट्याने घट्ट बांधला आणि पुढची दोन वर्षं कुणाच्या मागे बसले नाही.

ती गाडी एका सकाळी राजूर घाटात बसली. बुलडाण्याला मीटिंग होती. अर्धा घाट चढल्यावर इंजीन ओरडायला लागलं, काटा वर चढत गेला, पण गाडी काही पुढे सरकेना. आत जळका वास भरला. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि शोरूमला फोन केला. त्यांची उचलायची गाडी आली आणि माझ्या गाडीला तोंड वर करून घेऊन गेली. मी मात्र एका ओळखीच्या दूधवाल्याच्या जीपमधून मीटिंगला गेले आणि उशिरा आल्याबद्दल बोलणी खाल्ली.

संध्याकाळी घरी यावरून सभा भरली. आमचं एकत्र कुटुंब आहे. सासरे नाहीत, त्यामुळे घराचा शब्द भासऱ्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं. ते दारातून आत येण्याआधी खाकरतात, आपण ओढणी डोक्यावर घेऊन बाजूला व्हायचं. काही सांगायचं असलं तर सासूमार्फत. सासू नसली तर नवऱ्यामार्फत, आणि कुणीच नसलं तर भिंतीकडे पाहून बोलायचं आणि भासऱ्यांनी ते ऐकायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते. सक्ती म्हणाल तर कुणाची नव्हती. रीत म्हणून चाललं होतं, आणि दिवसभर गोठ्यात ओरडून आल्यावर घरी गप्प बसायला मला फारसं जडही जात नव्हतं.

तर भासरे अंगणात बसून सासूबाईंना म्हणाले, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत येईल असा लावून, "आई, धाकलीले सांग. बाईच्या हातात गाडी टिकत नाई. शोरूमवाल्यानं चालवण्याची चूक सांगतली तं किल्ली माह्यापाशी राहीन. तिनं पयल्यासारखं एसटीनं जावं. नाई सांगतली तं गाडी तिची तिले."

मी पोळी तव्यावर टाकली आणि आतूनच म्हणाले, "आई, त्यायले सांगा, मंजूर हाय."

मला माझं चालवणं माहीत होतं. पण दोन वर्षांत आपल्या पायाला एखादी वाईट सवय लागली असेल तर, अशी शंका रात्रभर छळत राहिली. किल्ली गेली की नायट्रोजनचा डबा पुन्हा मांडीवर आला, डबा आला की कंडक्टर आला, आणि मग पाच गावांपैकी दोन तरी माझ्या हातून सुटणार हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोरूमला निघालो. नवऱ्याला शेतात पाण्याची पाळी होती, आणि घरातला एखादा पुरुष सोबत पाहिजे असं ठरलेलं, म्हणून भासरे आले. एकाच गावाहून, एकाच बसने, एकाच कामासाठी निघालेले आम्ही दोघं. ते पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले, मी शेवटच्या बाकावर. उतरल्यावरसुद्धा ते दहा पावलं पुढे. शोरूमचं काचेचं दार त्यांनी उघडलं आणि ते माझ्या तोंडावर आपोआप बंद झालं.

आत गारवा होता. सर्व्हिस ॲडव्हायझर चाळिशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, शुद्ध भाषा. त्यांनी मला "या मॅडम" म्हटलं आणि बोलायला सुरुवात केली ती भासऱ्यांकडे पाहून. "साहेब, गाडीला आमची काही रेकमेंडेशन्स आहेत." कागदावर यादी छापलेली होती. इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, खालून कोटिंग, उंदीर पळवणारा फवारा, आणि मग पार खाली क्लच.

मी कागद माझ्याकडे ओढला. घाटात गाडी चढत नव्हती, आणि हे एसीपासून सुरू करतात, याने माझं डोकं फिरलं.

"उंदीर निघाला का गाडीत?" मी विचारलं.

"नाही मॅडम, पण निघू शकतो. वायर कुरतडतात."

"मग निघाल्यावर पाहू. एसीला काय झालंय?"

"काही नाही. प्रिव्हेंटिव्ह आहे."

"इंजेक्टर?"

"तेही प्रिव्हेंटिव्हच."

मी त्यांच्याच पेनाने तिन्हींवर रेघ ओढली. चौथ्यावर, म्हणजे कोटिंगवर, ते स्वतःच म्हणाले, "हे पुढच्या वेळी केलं तरी चालेल." भासरे भिंतीवरच्या नव्या गाडीच्या चित्राकडे पाहत होते. एका बाईने पेन हातात घेऊन खाडाखोड केलेली त्यांना आवडली नव्हती.

मग क्लचची गोष्ट निघाली. क्लच प्लेट जळाली होती, सगळा संच बदलावा लागणार होता. चाकाकडच्या बाजूने गिअरबॉक्सचं ऑइलही गळत होतं, तिथलं सील गेलं होतं. सील वॉरंटीत बसेल, क्लच बसणार नाही, असं ते म्हणाले. आणि त्या कागदावर, म्हणजे गाडीच्या जॉबकार्डावर, कारणाच्या रकान्यात छापलं होतं : ड्रायव्हिंग हॅबिट.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

उत्तर त्यांनी भासऱ्यांना दिलं. "साहेब, लेडीजमध्ये हे कॉमन आहे. पाय सतत क्लचवर ठेवून चालवतात. त्यात तुमच्या रस्त्याला घाट."

"हाव," भासरे म्हणाले. त्या सकाळपासूनचा त्यांचा तो पहिला शब्द. "मी घरी तेच सांगून राह्यलो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने मला कधी गाडी चालवताना पाहिलेलं नाही, तो कधी शेजारी बसलेला नाही, आणि मी बाई आहे एवढ्यावरून माझा पाय कुठे असतो ते सांगतो आहे. जनावर न पाहता, नुसतं गोठ्याच्या दारातून औषध लिहून देणारे असे लोक आमच्या खात्यातही आहेत, आणि मी त्यांच्याशीही भांडत आले आहे.

"गाडी मला दाखवा," मी म्हणाले.

"मॅडम, वर्कशॉपमध्ये कस्टमरला परवानगी नाही. तिथे ऑइल असतं, ग्रीस असतं."

"मी रोज म्हशीच्या मागे उभी राहून खांद्यापर्यंत हात आत घालते. ग्रीसचं मला सांगू नका. हात लावून पाहिल्याशिवाय मी उपचार लिहीत नाही, आणि कुणी लिहिलेला मानतही नाही."

आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे लोक बघायला लागले. ॲडव्हायझरने मॅनेजरच्या केबिनकडे नजर टाकली, मग उठले. आम्ही मागे गेलो. भासरे वर्कशॉपच्या दारातल्या पिवळ्या पट्ट्यापाशी थांबले.

गाडी लिफ्टवर उचललेली होती. खाली केस पिकलेले एक मिस्त्री काम करत होते. त्यांनी काढलेली क्लच प्लेट माझ्या हातात दिली. ती जड होती, कडेला काळी पडलेली, आणि तिच्यासोबतच्या लोखंडी चकतीवर निळसर डाग उमटले होते.

"ताई, हे पाह्यलं का?" मिस्त्रींनी त्या डागावर बोट ठेवलं. "पायाच्या आदतीनं क्लच हळूहळू झिजते. हा झिजेल नाई, जळेल हाय. घंटा-दोन घंटे कोणं तरी अर्ध्या क्लचवर गाडी एका जागी घुमवली. तवा असा निळा पडते."

"आणि ऑइल?"

त्यांनी हातातल्या बॅटरीचा उजेड चाकाच्या आतल्या बाजूला मारला. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा आहे, त्याच्या मुळाशी काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. ऑइलने भिजून काळं झालेलं. पहिल्यांदा मला ती दोरी वाटली. मिस्त्रींनी पकडीने ओढून एक गुच्छ काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी बोटांनी ते उलगडलं. आत ऑइल पोचलं नव्हतं, तिथे काड्या अजून पिवळ्या होत्या. बारीक, कडक, फाटे फुटलेल्या. त्यात एक फुटका घाटा, दाण्याची शेंग, अडकला होता.

ते हरभऱ्याचं कुटार होतं, मळणीत निघणारा भुसा. मी शेतकऱ्याची मुलगी आहे आणि शेतकऱ्याचीच सून, मला ते ओळखायला वास घ्यायची गरज नव्हती. तरी मी घेतला.

त्याआधी तीन आठवडे मी चार दिवस प्रशिक्षणाला अकोल्याला गेले होते. गाडी घरीच होती. त्याच दिवसांत आभाळ भरून आलं होतं. आमचा सोंगलेला हरभरा शेतात ढीग लावून पडलेला, थ्रेशरवाल्याकडे नंबर लागत नव्हता, आणि आमच्या ट्रॅक्टरचं चाक पंक्चर. मी परत आले तेव्हा हरभरा पोत्यात भरून घरात आलेला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "खयं झालं बाप्पा वेळेवर." खयं म्हणजे खळं, मळणी; ती कशी झाली ते मी विचारलं नव्हतं. गाडी मात्र धुऊन पुसून लख्ख उभी होती, चाकांच्या आतपर्यंत पाणी मारलेलं. भासऱ्यांनी धुतली असं कळलं तेव्हा मला भरून आलं होतं. दवाखान्यात मी चौघांना सांगितलं, आमचे भासरे बोलत नाहीत पण माया फार. आता ऑइलने बरबटलेला तो गुच्छ हातात धरून मला ते आठवलं आणि स्वतःचीच कीव आली.

आमच्याकडे रस्त्यावर पीक पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी ते मळलं जातं, हे नवं नाही. ट्रॅक्टर तर खळ्यावर फिरवतातच. पण छोटी गाडी हरभऱ्याच्या ढिगावर गोल-गोल फिरवायची, घसरत्या कुटारावर पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून, ती तासन् तास, हे करायला आमच्या घरचंच डोकं पाहिजे.

मी वळून पाहिलं. भासरे पिवळ्या पट्ट्यापाशी उभे होते. माझ्या हातात काय आहे ते त्यांना तिथूनही दिसलं होतं. त्यांनी मान फिरवली आणि खाकरले.

ॲडव्हायझर हुशार माणूस. त्यांच्या लक्षात सगळं आलं. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे गवत आम्ही पाहिलंच नाही असं समजू. कारण ड्रायव्हिंग हॅबिटच राहू द्या. म्हणजे सील मी वॉरंटीत बसवून देतो. तुमचाच फायदा आहे."

तेवढ्यात भासरे दोन पावलं आत आले. "तसंच लिहा," ते त्यांना म्हणाले. "काय फरक पडते?"

त्यांना फरक पडत नव्हता. सील फुकट मिळणार होतं, आणि वर किल्लीही. मी तिथे गप्प बसले असते तर घरी जाऊन मला एसटीचं वेळापत्रक पाहावं लागलं असतं, आणि पुढची वीस वर्षं गावातल्या प्रत्येक मुलीला सांगितलं गेलं असतं की आमच्या धाकलीने बघा कसा क्लच जाळला.

तरी सवय सुटत नाही. मी आधी मध्यस्थच शोधला. ॲडव्हायझरना म्हणाले, "त्यांना विचारा, मी अकोल्याला होते तेव्हा काय झालं."

ते गोंधळले. "कुणाला विचारू मॅडम? साहेब तर इथेच उभे आहेत."

खरंच, भासरे माझ्यापासून चार हातांवर उभे होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ओढणी खांद्यावर होती, ती डोक्यावर घेतली नाही.

"दादा, मी अकोल्याले गेली होती तवा ह्या गाडीनं खयं कोणं केलं?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. भासऱ्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग तांबडा. ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर मीही ओरडणार होते, तयारी होती. पण त्यांनी माझ्या हातातल्या काड्यांकडे पाहिलं आणि ते ॲडव्हायझरना म्हणाले, "म्या केलं. ढग आल्ते. माल भिजला असता."

हे ऐकून माझा राग कमी झाला असं मी म्हणणार नाही. उलट वाढला. माल भिजला असता हे मलाही कळतं. एक फोन केला असता तर मीच म्हणाले असते, फिरवा. घरी असते तर स्वतः चालवली असती. त्यांनी गाडी वापरली याचं मला काही नव्हतं. आदल्या संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी माझ्यावर खापर फोडलं तेव्हा क्लच कुणी जाळला हे त्यांना माहीत असणार, निदान शंका तरी असणार, आणि तरी ते माझी किल्ली मागत होते. याचा राग मला आजही आहे.

"कारण बदला," मी ॲडव्हायझरना म्हणाले.

"मग सील वॉरंटीत बसणार नाही मॅडम."

"नका बसवू. कारण बदला."

आम्ही पुन्हा काचेच्या खोलीत आलो. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि हात वर केले. सिस्टीममध्ये कारणांची ठरलेली यादी होती : नेहमीची झीज, ड्रायव्हिंग हॅबिट, अपघात, उत्पादनातला दोष. खळं त्यात कुठेच नव्हतं. कंपनीने तो विचार केला नव्हता, आणि त्याबद्दल मी कंपनीला दोष देत नाही.

"मग पेनाने लिहा," मी म्हणाले. "आणि शिक्का मारा."

त्यांनी छापील शब्दांवर काट मारली. मी सांगत गेले, ते लिहीत गेले : गाडी शेतातल्या खळ्यावर हरभरा मळण्यासाठी फिरवली. मालकीणबाई त्या वेळी परगावी होत्या. क्लच व सील त्यामुळे खराब. मग शिक्का मारला, आणि सवयीने कागद भासऱ्यांकडे सरकवला. मी तो मध्येच उचलला आणि सही केली. तोवर भासरे उठून बसस्टँडकडे निघाले होते.

घरी माझ्याआधी बातमी पोचली होती. सासूबाई दारातच म्हणाल्या, "मोठ्या माणसाची चारचौघांत शोभा केली तुनं. पाय धर त्याचे, माफी माग."

"काऊन मागू?" मी म्हणाले. "म्या काय जाळलं?"

नवरा वाईट माणूस नाही. तो रात्री समजुतीच्या सुरात म्हणाला, "घरी येऊन बोलली असती तं मी पाह्यलं असतं ना." मी त्याला सांगितलं की घरी बोलले असते तर ते घरातच जिरलं असतं, आणि तू पाहण्याआधी किल्ली गेली असती. तो कूस बदलून झोपला. दोन दिवस घरात ताटं नुसती वाजत होती. माफी मी मागितली नाही. भासऱ्यांनी मागावी अशीही माझी अपेक्षा नव्हती, पण किल्लीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

चौथ्या दिवशी शोरूममधून फोन आला, तो नवऱ्याला. गाडी तयार आहे, साहेब. मी एकटीच गेले, गाडी आणली, कागद समोरच्या कप्प्यात ठेवला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एका गावातून गाय माजावर आल्याचा फोन आला. नवरा शेतात गेलेला. एरवी फाटक तो उघडतो. भासरे अंगणात बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांच्यासमोरून जाऊन मी डबा डिकीत बांधला, फाटकाचं जड दार ओढून उघडलं, परत येऊन गाडी सुरू केली.

"घाटात अर्ध्या क्लचवर नको धरत जाऊ गाडी."

मी मागे पाहिलं. सासूबाई अंगणात नव्हत्या, पोरं झोपलेली. ते माझ्याशीच बोलले होते, सरळ, माझ्याकडे पाहून.

मी काच पूर्ण खाली घेतली. "मी नाई धरत, दादा. कागदावर लिहेल हाय."

मी गाडी बाहेर काढली, उतरून फाटक लावलं आणि निघाले.